सदाफुली ते नरक्या : कर्करोगावरील वनस्पतिजन्य औषधांचा इतिहास

सदाफुलीचे झाड ठाऊक नाही असा कोकणातला मनुष्य विरळा. नवगाव, रेवदंडा, अलिबाग, पेण या बाजूंच्या आमच्या वाडवडिलांच्या घरांपुढे अबोली-जास्वंदीच्या जोडीला ती हटकून असे. तिला कोणी मुद्दाम लावीत नसे, की कौतुकाने पाणी घालीत नसे; भिंतीच्या फटीतूनही ती उगवे आणि बारा महिने फुलत राही. इस्राएलात आल्यावरही तिने आमची सोबत सोडलेली नाही. अश्दोद, लोद, बेरशेबा, दिमोना येथील घरांच्या सज्ज्यांत उन्हाळ्याच्या दिवसांत तीच गुलाबी-पांढरी फुले डोलताना दिसतात. येथील रोपवाटिकांत तिला विंका म्हणतात, एवढाच काय तो फरक.

याच झाडाच्या पानांतून निघालेले एक औषध रक्ताचा कर्करोग झालेल्या बालकाच्या शिरेत सोडले जाते आणि इतर औषधांच्या साहाय्याने त्याचे प्राण वाचविते, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. उलट, घरात कोणास हा दुर्धर रोग झाला की भेटीस येणारी मंडळी निराळाच सल्ला देताना आढळतात. 'रुग्णालयातली औषधे म्हणजे विष. त्यापेक्षा झाडपाला बरा, तो निदान अपाय तरी करीत नाही,' असे म्हणून कोणी एखाद्या पानाचा रस सुचवितो, तर कोणी काढ्याची कृती लिहून देतो. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. परंतु ज्याला ते रुग्णालयातले विष म्हणतात, त्यातील कितीतरी औषधांचा जन्म झाडपाल्यातूनच झाला आहे, आणि ज्याला ते निरुपद्रवी झाडपाला म्हणतात, त्यात जहाल विष असू शकते, या दोन गोष्टी त्यांच्या ध्यानी येत नाहीत. हा इतिहास नीट समजून घेतला, तर रुग्णाच्या उशाशी बसून घ्यावयाचे निर्णय अधिक शहाणपणाने घेता येतील, असे आम्हांस वाटते. म्हणून तो येथे थोडक्यात मांडीत आहो.

जुन्या समजुती आणि नवी चाळणी

अंगावर उठणाऱ्या गाठींवर वनस्पतींचा उपयोग करण्याची प्रथा फार पुरातन आहे. सुश्रुतसंहितेत 'अर्बुद' या नावाने अशा गाठींचे वर्णन आढळते. विसाव्या शतकात जोनाथन हार्टवेल या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने देशोदेशींच्या जुन्या ग्रंथांतून व लोकरूढींतून कर्करोगावर सांगितलेल्या वनस्पतींची एक प्रचंड यादी तयार केली आणि ती १९६७ ते १९७१ या काळात क्रमशः प्रसिद्ध केली. तीत तीन हजारांहून अधिक जातींची नोंद आहे. परंतु पूर्वीच्या काळी गळू, सूज, चामखीळ, गलगंड आणि खरा कर्करोग या सर्वांना माणसे एकाच नावाने ओळखीत. त्यामुळे अमुक झाडाने गाठ बरी झाली, एवढ्या नोंदीवरून काहीच सिद्ध होत नसे. यादी वाट दाखवी. मुक्कामाला पोहोचवीत नसे.

म्हणून शास्त्रज्ञांनी दुसरा मार्ग धरला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने तेथील कृषिखात्याच्या साहाय्याने १९६० साली जगभरातील वनस्पती गोळा करून तपासण्याचा उद्योग आरंभिला. १९८२ पर्यंत सुमारे ३५,००० वनस्पतींचे नमुने जमविण्यात आले आणि त्यांपासून एक लाखाहून अधिक अर्क करून त्यांची परीक्षा घेण्यात आली. प्रत्येक अर्क कर्करोग झालेल्या उंदरांना टोचावयाचा अथवा परीक्षानळीतील रोगट पेशींवर घालावयाचा, आणि काय होते ते पाहावयाचे, अशी ही पद्धत. एखादा अर्क गुणकारी दिसला, की सुपात धान्य पाखडावे तसे त्याचे भाग वेगळे करीत जावयाचे आणि प्रत्येक भागाची पुन्हा परीक्षा घ्यावयाची. असे करता करता शेवटी जे एकच शुद्ध द्रव्य हाती लागते, ते खरे औषधी द्रव्य. या एवढ्या खटाटोपातून रुग्णांच्या कामी आलेली औषधे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. निसर्गाच्या भांडारात औषधे आहेत हे जितके खरे, तितकेच ती सहजासहजी हाती लागत नाहीत हेही खरे.

सदाफुलीची कथा

सदाफुलीचे औषध मात्र या चाळणीच्या आधीच, आणि तेही निराळ्याच शोधात असताना सापडले. हे झाड मूळचे मादागास्कर बेटावरचे. व्यापारी जहाजांबरोबर ते उष्ण प्रदेशांत सर्वत्र पसरले आणि ठिकठिकाणी मधुमेहावर त्याच्या पानांचा काढा घेण्याची प्रथा पडली. १९५२ साली जमैका बेटावरून डॉ. जॉन्स्टन यांनी कॅनडातील टोरांटो शहरी असलेल्या डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे एका पाकिटातून सदाफुलीची २५ पाने पाठविली. जमैकात मधुमेही लोक हिचा काढा घेतात, तेव्हा त्यात काही तथ्य आहे का ते पाहावे, असा त्यांचा हेतू होता. हे क्लार्क नोबल म्हणजे १९२१ साली बँटिंग यांचा साहाय्यक कोणी व्हावे यासाठी चार्ल्स बेस्ट यांच्याबरोबर झालेल्या नाणेफेकीत हरलेले विद्यार्थी होत. ती नाणेफेक ते जिंकते, तर इन्शुलिनच्या शोधाशी बेस्ट यांच्या ठिकाणी त्यांचे नाव जोडले गेले असते! क्लार्क नोबल तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी ती पाने आपले बंधू डॉ. रॉबर्ट नोबल यांच्या स्वाधीन केली. रॉबर्ट हे वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात संशोधन करीत असत.

रॉबर्ट नोबल यांनी पानांचा काढा उंदरांस पाजला. रक्तातील साखर रेसभरही उतरली नाही. तेव्हा अधिक परिणाम व्हावा म्हणून त्यांनी अर्क टोचून पाहिला. साखर तशीच राहिली. पण काही दिवसांतच उंदीर मरू लागले. दुसरा एखादा संशोधक 'हे झाड निरुपयोगी व विषारी' असा शेरा मारून पुढच्या कामास लागला असता. नोबल यांनी तसे केले नाही. उंदीर का मेले, याचा त्यांनी शोध घेतला. ते जंतुसंसर्गाने मेले होते. आणि संसर्ग बळावला याचे कारण त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी एकाएकी घटल्या होत्या. ज्या अस्थिमज्जेत या पेशी तयार होतात, तिचेच काम अर्काने रोखले होते.

येथे नोबल यांच्या मनात जो विचार आला, त्यातच या शोधाचे सारे मर्म आहे. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. जे द्रव्य निरोगी उंदराच्या पांढऱ्या पेशी घटविते, ते रोगट पेशींची वाढही रोखू शकेल, असे अनुमान त्यांनी बांधले. १९५४ साली चार्ल्स बिअर हे कुशल रसायनशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाले. बिअर यांनी अतिशय चिकाटीने त्या अर्कातून शुद्ध स्फटिकरूप द्रव्य वेगळे केले. तेच पुढे व्हिन्ब्लास्टीन या नावाने प्रसिद्धीस आले. १९५८ साली न्यूयॉर्क येथील परिषदेत या मंडळींनी आपला निबंध वाचला. त्याच्या शीर्षकातच त्यांनी योगायोगाने घडलेल्या निरीक्षणांचा प्रांजळपणे उल्लेख केला होता.

योगायोग असा, की अमेरिकेतील एलाय लिली या औषध कंपनीत गॉर्डन स्वोबोडा आणि त्यांचे सहकारी त्याच सुमारास स्वतंत्रपणे सदाफुलीची तपासणी करीत होते. त्यांच्या प्रयोगांत रक्ताचा कर्करोग झालेले उंदीर या अर्काने अधिक काळ जगले. दोन्ही गटांनी पुढे सहकार्य केले. व्हिन्ब्लास्टीन १९६१ साली अमेरिकेत वापरात आले आणि त्याच झाडातून निघालेले त्याचे भावंड व्हिन्क्रिस्टीन १९६३ साली. दोन्ही द्रव्ये पानांत इतकी अत्यल्प असतात, की व्हिन्क्रिस्टीनच्या एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. गंमत अशी, की या दोन जवळजवळ सारख्या द्रव्यांचे गुण मात्र भिन्न निघाले. व्हिन्ब्लास्टीन मुख्यतः हॉजकिन नावाच्या लसिकाग्रंथींच्या कर्करोगात व इतर काही गाठींत कामी येऊ लागले, तर व्हिन्क्रिस्टीन बालकांच्या रक्ताच्या कर्करोगात.

१९६० च्या सुमारास रक्ताचा तीव्र कर्करोग झालेले मूल बहुधा काही महिन्यांचेच सोबती मानले जाई. १९६२ साली अमेरिकेत एमिल फ्राय व एमिल फ्रायराइख या डॉक्टरांनी व्हिन्क्रिस्टीनसह चार औषधे एकत्र देण्याचे धाडस केले. तेव्हा अनेकांनी त्यांना दूषणे दिली. परंतु तोच मार्ग पुढे राजमार्ग ठरला. आज संपन्न देशांत या रोगाच्या सर्वांत आढळणाऱ्या प्रकारातील सुमारे ९० टक्के मुले वाचतात. हे श्रेय एकट्या सदाफुलीचे नव्हे, अनेक औषधांच्या मेळाचे आहे. पण त्या मेळात व्हिन्क्रिस्टीन आजही आपले स्थान टिकवून आहे. २०१९ साली अमेरिकेत एका उत्पादकाने ते बनविणे थांबविले आणि तुटवडा निर्माण झाला, तेव्हा मुलांच्या डॉक्टरांत केवढी काळजी पसरली होती, हे वृत्तपत्रे वाचणाऱ्यांस आठवत असेल.

हे औषध काम कसे करते? पेशी विभागून एकीच्या दोन होऊ लागतात, तेव्हा पेशीच्या आत अतिसूक्ष्म नलिकांची एक तात्पुरती रचना उभी राहते. जणू मागावर ताणलेले धागेच. हे धागे गुणसूत्रांना दोन बाजूंस ओढून नेतात. सदाफुलीचे द्रव्य हे धागे विणूच देत नाही. त्यामुळे विभागणी अर्ध्यावर अडते आणि पेशी मरते. झपाट्याने वाढणाऱ्या रोगट पेशींना याचा फटका अधिक बसतो. परंतु निरोगी पेशीही पुरत्या सुटत नाहीत. मज्जातंतूंतही अशा नलिका असतात, म्हणून व्हिन्क्रिस्टीन घेणाऱ्या रुग्णाच्या बोटांना मुंग्या येतात, त्याचा कोठा जड होतो. हे औषध फक्त शिरेतूनच द्यावयाचे असते. चुकून पाठीच्या कण्यातील द्रवात गेले, तर ते प्राणघातक ठरते. औषध आणि विष यांच्यात किती पातळ पडदा असतो, हे यावरून कळून येईल.

नंदुरबारचा रसायनशास्त्रज्ञ

सदाफुलीनंतरची दोन मोठी औषधे एकाच प्रयोगशाळेतून बाहेर पडली, आणि तिच्यातील एका संशोधकाचे जन्मगाव महाराष्ट्रात होते. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबार येथे झाला. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेस गेले, तेथे इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि १९६२ साली उत्तर कॅरोलिनातील रिसर्च ट्रँगल संस्थेत मनरो वॉल यांच्या हाताखाली रुजू झाले. वॉल आणि वाणी ही जोडी पुढे चार दशके एकत्र राहिली.

वॉल हे पूर्वी कृषिखात्यात असताना कॉर्टिसोन या औषधास लागणारा कच्चा माल देणाऱ्या वनस्पती शोधीत होते. त्यांच्या कपाटांत शेकडो वनस्पतींचे अर्क पडून होते. हार्टवेल यांच्या विनंतीवरून त्यांतील काही त्यांनी कर्करोगाच्या परीक्षेसाठी पाठविले, आणि चीनमध्ये 'आनंदवृक्ष' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका झाडाचा अर्क विलक्षण गुणकारी आढळला. त्यातील द्रव्य वॉल-वाणी यांनी १९६६ साली जगापुढे मांडले. त्याचे नाव कॅम्प्टोथेसिन.

मोठ्या आशेने त्याचे प्रयोग रुग्णांवर सुरू झाले. पण ते पाण्यात विरघळत नसे. विरघळावे म्हणून त्याचे क्षाररूप केले, तर गुण घटला आणि मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. १९७२ च्या सुमारास प्रयोग सोडून द्यावे लागले. तब्बल तेरा वर्षे हे द्रव्य अडगळीत पडल्यासारखे होते. १९८५ साली असे उमगले, की पेशीतील वंशसूत्राचा पीळ सोडविणाऱ्या एका विकराला ते जखडून टाकते. पीळ सोडविण्यासाठी पाडलेली खाच पुन्हा सांधली जात नाही, आणि पेशी मरते. इतकी निराळी करामत दुसऱ्या कोणत्याही औषधाकडे नव्हती. पुन्हा उत्साह संचारला. मूळ रेणूत फेरफार करून सुसह्य अशी दोन औषधे सिद्ध झाली. इरिनोटेकन हे जपानात १९९४ साली व अमेरिकेत १९९६ साली आले आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगात वापरले जाऊ लागले. टोपोटेकन हे १९९६ साली अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्य झाले. शोधापासून रुग्णाच्या उशापर्यंत तीस वर्षे लागली.

दुसरे औषध टॅक्सॉल. २१ ऑगस्ट १९६२ रोजी आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या वायव्येकडील वॉशिंग्टन राज्याच्या जंगलातून यू नावाच्या एका संथ वाढणाऱ्या सूचिपर्णी वृक्षाची साल गोळा केली. लाकूडतोडे त्या वृक्षास कचरा समजून जाळून टाकीत. वॉल-वाणी यांना १२ किलो सालीतून जेमतेम अर्धा ग्रॅम शुद्ध द्रव्य मिळाले. त्याची रचना त्यांनी १९७१ साली प्रसिद्ध केली. पण ती इतकी गुंतागुंतीची आणि द्रव्य इतके दुर्मिळ, की कोणी फारसे लक्ष दिले नाही.

ती उपेक्षा संपविली सूझन हॉर्विट्झ या विदुषीने. न्यूयॉर्क येथे येशिवा विद्यापीठाने स्थापिलेल्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात काम करीत असताना १९७९ साली तिने दाखवून दिले, की टॅक्सॉल सदाफुलीच्या द्रव्याच्या नेमके उलट वागते. सदाफुली पेशीतील धागे विणू देत नाही. टॅक्सॉल ते विणलेले धागे उसवू देत नाही. परिणाम मात्र एकच, विभागणी थांबते. अंडाशयाच्या कर्करोगात इतर उपाय थकलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के स्त्रियांच्या गाठी टॅक्सॉलने आटल्या, असे १९८९ साली बाल्टिमोर येथील डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकन शासनाने औषधास मान्यता दिली, आणि १९९४ साली स्तनाच्या कर्करोगासाठीही. आज ते पॅक्लिटॅक्सेल या नावाने ओळखले जाते.

परंतु औषध मिळाले, तसा झाडाचा जीव धोक्यात आला. साल सोलली की वृक्ष मरतो. एका रुग्णास पुरेल इतक्या औषधासाठी अनेक मोठे वृक्ष लागत, आणि एक वृक्ष वाढावयास शंभर वर्षे. रुग्णांचा जीव वाचवावा की अरण्य, असा वाद अमेरिकेत पेटला आणि १९९२ साली या वृक्षाविषयी स्वतंत्र कायदाही करावा लागला. तोडगा फ्रान्समधून आला. पिएर पोतिए यांनी युरोपातील यू वृक्षाच्या पानांतून एक जवळचे द्रव्य काढले. पाने खुडली तरी पुन्हा फुटतात, त्यामुळे वृक्ष मरत नाही. त्या द्रव्यापासून टॅक्सॉल तयार करण्याची किफायतशीर रीत अमेरिकेत रॉबर्ट होल्टन यांनी बसविली. पुढे तर झाडाच्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवून औषध काढता येऊ लागले. मनसुख वाणी २०२० साली निवर्तले. त्यांच्या दोन शोधांमुळे जगभरच्या असंख्य रुग्णांचे आयुष्य वाढले. नंदुरबारच्या या सुपुत्राचे नाव आपल्या मराठी मुलांना ठाऊक असावे, अशी आमची इच्छा आहे.

सह्याद्रीतील नरक्या

चिनी झाडातले कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतही आहे, याचा शोध मुंबईस लागला. गोरेगाव येथील सीबा संशोधन केंद्राचे संचालक टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी एन. विश्वनाथन यांनी १९७२ साली पश्चिम घाटातील एका लहानशा झाडात हे द्रव्य असल्याचे जाहीर केले, आणि तेही चिनी झाडाहून अधिक प्रमाणात. या झाडास आपल्याकडे नरक्या म्हणतात; त्याच्या दुर्गंधीमुळे काही ठिकाणी घाणेरा असेही नाव आहे. ज्याच्या वासाने माणसे नाक मुरडीत, त्या झाडाच्या पोटी असे रत्न निघावे, ही निसर्गाची थोरवीच.

रत्न निघाले आणि लूट सुरू झाली. इरिनोटेकन व टोपोटेकन या औषधांची मागणी वाढू लागताच सिंधुदुर्ग, कोल्हापूर, महाबळेश्वर या भागांतील जंगलांतून नरक्याचे लाकूड तोडून बाहेर पाठविले जाऊ लागले. चोरटी तोड करून नेलेला माल वनखात्याने वेळोवेळी पकडला आहे. ज्या गावकऱ्यांनी ते तोडले, त्यांना किलोमागे मिळालेले पैसे आणि परदेशात त्यापासून झालेल्या औषधाची किंमत, यांची तुलनाच होऊ शकत नाही. मादागास्करचीही गोष्ट वेगळी नाही. सदाफुलीच्या औषधांनी कोट्यवधींचा व्यापार झाला. तिच्या मायभूमीच्या पदरी फारसे काही पडले नाही. १९९२ साली झालेला जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार आणि भारताने २००२ साली केलेला कायदा, हे दोन्ही याच अन्यायाच्या जाणिवेतून जन्मले. वनस्पती ज्या भूमीतील, त्या भूमीतील लोकांना लाभाचा वाटा मिळावा, हे तत्त्व त्यांत मान्य झाले आहे. ते तत्त्व कागदावरून जंगलापर्यंत पोहोचणे हे काम मात्र अजून पुरते झालेले नाही.

आपल्या नव्या मायभूमीतील प्रयत्न

इस्राएलातील शास्त्रज्ञही या शोधात मागे नव्हते. रेहोवोत येथील वाइझमन संस्थेत डेव्हिड लावी आणि त्यांचे सहकारी या देशातील रानटी वनस्पतींचा अभ्यास करीत. पिकताच देठापासून सुटून बिया पिचकारीसारख्या उडविणारी एक काकडी येथे रस्त्याच्या कडेला उगवते. तिच्यातील कडू द्रव्यांचा गाठींवर होणारा परिणाम त्यांनी १९६१ साली प्रसिद्ध केला. त्याहूनही आपणांस जवळची गोष्ट म्हणजे आस्कंदाची. आयुर्वेदात अश्वगंधा म्हणून नावाजलेली ही वनस्पती इस्राएलातही रानात उगवते. तिच्या पानांतून लावी, ग्लॉटर आणि श्वो यांनी १९६५ साली विथाफेरिन-ए या द्रव्याची रचना उलगडली, आणि १९६७ साली उंदरांच्या गाठींवर त्याचा गुण दिसून आल्याचे जाहीर झाले.

या द्रव्यावर जगभर पुष्कळ संशोधन झाले आहे. परंतु ते अद्याप कर्करोगाचे मान्यताप्राप्त औषध झालेले नाही. उंदरास जे लाभते ते माणसास लाभेलच असे नाही. म्हणून बाजारातील अश्वगंधेच्या गोळ्यांवर भिस्त ठेवून उपचार लांबणीवर टाकणे हे आत्मघातकी ठरेल. हजारो आशादायक द्रव्यांपैकी एखादेच शेवटपर्यंत पोहोचते. अमेरिकेतील मे-ॲपल आणि हिमालयातील वनककडी या भगिनी-वनस्पतींच्या विषारी मुळांतील द्रव्यही जसेच्या तसे देता येईना. स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी त्यात बदल केल्यावर कुठे एटोपोसाइड हे औषध तयार झाले आणि १९८३ साली अमेरिकेत मान्यता पावले.

फसव्या वनस्पतींपासून सावध

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९७० नंतरच्या दशकात जर्दाळूच्या बियांतील गरापासून काढलेल्या लेट्राइल नावाच्या द्रव्याचा अमेरिकेत फार बोलबाला झाला. ते नैसर्गिक आहे, एक प्रकारचे जीवनसत्त्वच आहे, आणि डॉक्टर व कंपन्या संगनमताने ते दडपीत आहेत, असा प्रचार करण्यात आला. हजारो रुग्ण त्यापायी उपचार सोडून गेले. अखेर १७८ रुग्णांवर शास्त्रशुद्ध परीक्षा घेऊन तिचा निकाल १९८२ साली प्रसिद्ध झाला. रोग हटल्याचे आढळले नाही. उलट काही रुग्णांच्या रक्तात सायनाइडचे प्रमाण धोक्याच्या पातळीपर्यंत वाढलेले दिसले. जर्दाळूच्या बियांतून पोटात सायनाइड सुटते, हे त्याचे कारण. इतके होऊनही त्या बिया आजही कर्करोगावरील उपाय म्हणून विकल्या जातात.

लेट्राइल आणि व्हिन्क्रिस्टीन, दोन्ही वनस्पतींतूनच आली. मग फरक कशात? फरक परीक्षेत आहे. व्हिन्क्रिस्टीनची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजून, रुग्णाचे वजन व रक्त पाहून ठरविली जाते. ते कोणाला लाभले, कोणाला लाभले नाही, याची नोंद ठेवली जाते. आणि ते निरुपयोगी ठरते, तर बाजूस सारले जाते. लेट्राइलच्या पाठीराख्यांनी मात्र अशी परीक्षा झाली तेव्हा तिचा निकाल मानला नाही.

आपल्याकडे मधुमेहावर रोज सकाळी सदाफुलीची पाने-फुले चावून खाण्याची सवय काही वडीलधाऱ्या मंडळींना आहे. त्यांना आमचे नम्र सांगणे असे, की ज्या पानांच्या अर्काने नोबल यांच्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी घटल्या, तीच ही पाने. त्यांत किती द्रव्य आहे हे झाडागणिक बदलते, आणि ते मोजण्याचे साधन आपल्या स्वयंपाकघरात नाही. तसेच, पानांतून औषध निघते म्हणून पाने खाल्ल्याने कर्करोग बरा होतो, हाही समज चुकीचा आहे. त्यांतील औषधी अंश नगण्य, आणि सोबतीची इतर द्रव्ये कितीतरी.

आणखी एक सूचना. उपचार चालू असताना कोणताही काढा, चूर्ण अथवा गोळी घेतल्यास ती डॉक्टरांपासून लपवून ठेवू नये. अनेक वनस्पती यकृताच्या कामात ढवळाढवळ करतात, आणि त्यामुळे दिलेल्या औषधाची मात्रा शरीरात कमी वा जास्त होऊ शकते. वृद्ध आईवडिलांना हिब्रू भाषेत हे नीट सांगता येत नसेल, तर मुलानातवंडांनी सोबत जाऊन सांगावे. डॉक्टर रागावतील या भीतीने गप्प राहण्यात शहाणपण नाही.

उपसंहार

जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आज व्हिन्क्रिस्टीन, व्हिन्ब्लास्टीन, पॅक्लिटॅक्सेल, इरिनोटेकन आणि एटोपोसाइड ही सर्व आहेत. त्यांच्यामागे जमैकातील काढा पिणारे सामान्य लोक आहेत, उंदीर का मेला हे विचारणारा कॅनडातील संशोधक आहे, नंदुरबारहून निघालेला रसायनशास्त्रज्ञ आहे, न्यूयॉर्कची विदुषी आहे, आणि ज्यांनी नवी औषधे प्रथम आपल्या देहावर सोसली, ते असंख्य अनाम रुग्णही आहेत. यांतील एकाही दुव्याशिवाय ही साखळी पुरी झाली नसती.

म्हणून झाडपाला विरुद्ध औषध, गावठी ज्ञान विरुद्ध शास्त्र, असे जे भांडण आपल्या घरोघरी चालते, ते मुळातच निराधार आहे. लोकांच्या अनुभवाने झाडाकडे बोट दाखविले, आणि शास्त्राने त्यातील विष मोजून औषध केले. एकाचा मान राखावयाचा म्हणून दुसऱ्याचा अव्हेर करण्याचे कारण नाही. आमच्या वाचक बंधुभगिनींपैकी ज्यांच्या घरी आज असा रुग्ण असेल, त्यांनी उपचार अर्धवट सोडू नये, शंका आल्यास डॉक्टरांस मोकळेपणाने विचारावे, आणि काढ्याचा आग्रह धरणाऱ्या आप्तेष्टांना रागे न भरता हा इतिहास समजावून सांगावा, एवढीच आमची विनंती आहे.